माहेरी जाणं आणि माहेरी धाडणं

बाबेटला लॉटरी लागते. दहा हजार फ्रँक. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावर, वाऱ्याने झोडपलेल्या एका वाडीत ही फ्रेंच बाई चौदा वर्षं दोन वयस्कर बहिणींच्या घरी राबते आहे. सुकवलेला मासा भिजत घालायचा, पाव आणि बिअर एकत्र शिजवून त्याची पेज घोटायची, हेच तिचं काम. १८७१ साली पॅरिस कम्यून हे कामगारांचं बंड चिरडलं गेलं, त्या कत्तलीत तिचा नवरा आणि मुलगा गेले, ती जीव घेऊन इथं पोचली. आता पैसा हातात आला म्हटल्यावर बहिणी मनात समजून चुकतात, की ही आता परत जाणार. त्यांना वाईट वाटतं, पण दुसरी काही शक्यता त्यांच्या डोक्यातच येत नाही. बाबेट त्या सगळ्या पैशांचं एक जेवण घालते. बारा माणसं, एक रात्र, कासवाचं सूप, लावे पक्षी, उंची वाइन. पाहुणे गेल्यावर खरकट्या भांड्यांच्या ढिगात बसून ती सांगते की पॅरिसमध्ये तिची वाट बघणारं कुणी उरलेलं नाही.

गॅब्रिएल अ‍ॅक्सेलच्या १९८७च्या ‘बाबेट्स फीस्ट’ या डॅनिश चित्रपटाबद्दल लिहिणारे सगळे त्या जेवणावर लिहितात. लिहावंच, ते आहेच तसं. मला मात्र दर वेळी बहिणींचा तो समज जास्त टोचतो. लांबून आलेल्या माणसाची सोय झाली की तो आपल्या घरी परत जाणार, हे घरात बसलेल्याला किती सहज वाटतं. आणि त्या बहिणी दुष्ट नाहीत हो. देवभोळ्या, दानधर्म करणाऱ्या, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या आहेत.

आपल्याकडे सासरी नांदणाऱ्या बाईबद्दल दोन वाक्यं बोलली जातात. ‘ती माहेरी गेलीय’ आणि ‘तिला माहेरी धाडलंय’. एसटी तीच, रस्ता तोच, हातातली पिशवीसुद्धा तीच. पहिलं वाक्य अंगणातून ओरडून सांगतात, दुसरं आवाज खाली आणून. जाणं कुणी ठरवलं, एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो.

घरापासून दूर पडलेल्या माणसांवर डॅनिश लोकांनी गेल्या चाळीसेक वर्षांत जे चित्रपट आणि मालिका केल्या, त्या मला या दोन वाक्यांत वाटल्या गेलेल्या दिसतात. डॅनिश माणूस परदेशात अडकतो तेव्हा परतणं ही त्याची आस असते आणि सगळी कथा त्या आसेवर चालते. परका माणूस डेन्मार्कमध्ये येतो तेव्हा परतणं ही त्याच्या डोक्यावर टांगलेली तलवार असते. पहिल्या प्रकारात हा सिनेमा कारागिरीने थक्क करतो आणि नेमकं तिथंच त्याचं लक्ष आपल्याच माणसावर खिळून राहतं. दुसऱ्या प्रकारात तो त्याच्या देशाच्या कायद्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेला आहे. त्यामुळे ‘हे चित्रपट करुणा जागवतात’ अशी जी पावती त्यांना सरसकट फाडली जाते, ती मला पुरेशी वाटत नाही.

आधी कायद्याचं सांगतो, थोडक्यात. २०१६च्या जानेवारीत डॅनिश संसदेने ठरवलं की आश्रय मागायला आलेल्याकडे दहा हजार क्रोनरपेक्षा जास्त किमतीचा ऐवज असेल तर त्याच्या खर्चापोटी तो काढून घेता येईल. (बाबेटच्या फ्रँकएवढाच आकडा. निव्वळ योगायोग, पण डोक्यातून जात नाही.) लग्नाच्या अंगठ्यांसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या वगळल्या. २०१९च्या फेब्रुवारीत त्याहून मोठा बदल झाला. निर्वासिताला मिळणारा परवाना तात्पुरताच राहील आणि शक्य होताच त्याला मायदेशी पाठवणं हेच उद्दिष्ट असेल, असं ठरलं. नव्याने आलेल्यांना जो ‘एकात्मीकरण भत्ता’ मिळायचा त्याच्या नावातच ‘मायदेशी परतणं’ घुसवलं गेलं. त्याच वर्षी सीरियाची राजधानी दमास्कस सुरक्षित असल्याचा निर्वाळा डॅनिश अधिकाऱ्यांनी दिला आणि पाठोपाठ अनेक सीरियनांचे परवाने रद्द होऊ लागले. सीरियातल्या असदच्या सरकारशी डेन्मार्कचे संबंध नव्हते, त्यामुळे कुणाला जबरदस्तीने विमानात बसवता येईना. मग माणसं रवानगी केंद्रांत जाऊन पडली. नोकरी नाही, शिक्षण नाही, नुसतं जाण्याची वाट बघणं. हे केवळ उजव्यांचं काम होतं असंही नाही. सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी २०२१च्या जानेवारीत संसदेत सांगितलं की आश्रय मागणारे शून्यावर यावेत हे आपलं ध्येय आहे. थोडक्यात, सगळ्यांना माहेरी धाडायचं.

आता पडद्याकडे येऊ.

टोबियस लिंडहोमचा ‘अ हायजॅकिंग’ (२०१२) सुरू होतो तो बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या फोनने. मिकेल बायकोला सांगतोय की घरी यायला थोडा उशीर होईल. ‘रोझेन’ नावाचं हे मालवाहू जहाज मुंबईच्या वाटेवर आहे. आपल्या कोकणात ज्या घरांतून माणसं बोटीवर जातात, तिथं या फोनचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मिकेल म्हणजे आपल्या भाषेत बोटीवरचा भंडारी. सोमाली चाचे जहाज पकडतात. लिंडहोम तो प्रसंग दाखवतच नाही, एकदम कोपनहेगनच्या ऑफिसात बातमी येते. तिथून पुढे दोन खोल्या आलटूनपालटून दिसतात. एकीत घाम, लघवी, भीती, दुसरीत पांढरा फळा, कॉफी आणि खंडणीची घासाघीस. दीड कोटी डॉलर मागितले जातात, कंपनीचा मुख्य अधिकारी अडीच लाखांपासून सुरुवात करतो. वाटाघाटी कशा करायच्या हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाची भूमिका करणारा माणूस खऱ्या आयुष्यातही हेच काम करणारा आहे. फोनच्या तारेत येणारी ती क्षणभराची दिरंगाई आणि स्वतःच्याच आवाजाचा परत येणारा पडसाद ऐकून जीव टांगणीला लागतो. सिनेमा म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण त्याच जहाजावर डॅनिश नसलेले खलाशीही आहेत. त्यांच्या बायकांना कोण फोन करतंय? त्यांच्या घरी काय चाललंय? चित्रपट तिकडे वळत नाही. ते सावल्यांसारखे कोपऱ्यात असतात. आपला तो बाब्या, इतकं साधं आहे हे. वास्तवात मात्र आकडे उलटे आहेत. जगातल्या मालवाहू जहाजांवर खालच्या डेकवर राबणारे हात बहुतेक आशियाई असतात. ‘लेपर्ड’ हे डॅनिश जहाज २०११च्या जानेवारीत पकडलं गेलं, तेव्हा त्यावर दोन डॅनिश आणि चार फिलिपिनो होते. सुटका झाली २०१३च्या एप्रिलअखेर, म्हणजे सव्वादोन वर्षांनी. आणि आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’. मुंबईतून चालवल्या जाणाऱ्या या जहाजावर १५ भारतीय होते. २०१०च्या सप्टेंबरमध्ये ते पकडलं गेलं. २०११च्या एप्रिलमध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ जण सुटले, आणि भारतीय नौदलाने पकडलेल्या चाच्यांच्या बदल्यात हवेत म्हणून सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं. ते घरी आले २०१४च्या अखेरीस. चार वर्षं! त्यांच्यावर आपल्याकडे चित्रपट झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही, त्यामुळे डॅनिश लोकांना नावं ठेवताना आवाज जरा बेतानेच लावतो.

सुझान बिअरच्या ‘आफ्टर द वेडिंग’मध्ये (२००६) भारतच आहे. मॅड्स मिकेलसनचा याकोब इथं अनाथाश्रम चालवतो, पैशासाठी कोपनहेगनला जातो आणि तिथल्या एका श्रीमंत घराच्या गुंत्यात कायमचा अडकतो. भारत म्हणजे धूळ, गर्दी आणि मोठ्या डोळ्यांची मुलं. शेवटी याकोब त्याच्या लाडक्या प्रमोदला विचारतो, चलतोस का माझ्याबरोबर डेन्मार्कला? पोरगा नाही म्हणतो. सगळ्या चित्रपटात भारतीय माणसाने स्वतः ठरवलेली ही जवळपास एकमेव गोष्ट आणि ती अर्ध्या मिनिटात उरकते. तो का नाही म्हणाला, यावर मी एक अख्खा चित्रपट पाहिला असता.

लिंडहोमचाच ‘अ वॉर’ (२०१५) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमधल्या डॅनिश तळाच्या फाटकाशी एक अफगाण बाप बायकापोरांना घेऊन येतो. रात्री तालिबान येतील, आम्हाला मारतील, एक रात्र आत राहू द्या. कंपनी कमांडर क्लाउस भला माणूस आहे. तो म्हणतो, नियमात बसत नाही, घरी जा, उद्या आम्ही येऊ बघायला. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब मेलेलं सापडतं. पांघरुणाबाहेर आलेले लहान मुलाचे पाय दिसतात. पुढे चकमकीत क्लाउस हवाई हल्ला मागवतो, अकरा नागरिक मरतात, कोपनहेगनमध्ये खटला चालतो, तो सुटतो. शेवटी तो स्वतःच्या पोराला झोपवतो आणि पोराचे पाय पांघरुणाबाहेर आलेले असतात. तो ते झाकतो.

बहुतेक समीक्षकांनी हा चित्रपट युद्ध आणि न्यायाचा म्हणून वाचला. मी तो आश्रयाचा म्हणून वाचतो. फाटकावरचं ते ‘घरी जा’ म्हणजेच वर सांगितलेला २०१९चा कायदा, चार वर्षं आधी आणि एका वाक्यात. मात्र इथंही अपराधीपण क्लाउसच्या चेहऱ्यावर वाचायचं, अफगाण बापाच्या नाही. त्या बापाने घरी परतताना पोरांना काय सांगितलं असेल?

‘द एक्सपेरिमेंट’ (२०१०) या लुईस फ्रीडबर्गच्या चित्रपटातही हीच अडचण आहे. मूळ हकिगत अंगावर काटा आणणारी आहे. १९५१ साली ग्रीनलंडमधली २२ लहान मुलं, बहुतेक पाच ते आठ वर्षांची, डेन्मार्कला नेली गेली. डॅनिश वळणाची नवी पिढी घडवायची म्हणून. वर्षभराने १६ जणांना परत आणलं, पण आईबापांकडे सोडलं नाही, ग्रीनलंडची राजधानी नूक इथल्या नव्या अनाथाश्रमात ठेवलं. आईबाप जिवंत असताना! बाकीच्या सहांना डॅनिश कुटुंबांनी दत्तक घेतलं होतं. परतलेली मुलं आईशी बोलायला गेली तर भाषाच उरली नव्हती. मायदेशी आणलं म्हणजे घरी आणलं असं होत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आणि चित्रपट हे सगळं बघतो कुणाच्या नजरेतून, तर तो आश्रम सांभाळणाऱ्या डॅनिश परिचारिकेच्या. फ्रेडरिक्सन यांनी डिसेंबर २०२० मध्ये लेखी माफी मागितली आणि २०२२ मध्ये त्यावेळी हयात असलेल्या सहा जणांना समोर बसवून ती पुन्हा मागितली. चित्रपट माफीच्या दहा वर्षं आधीचा आहे. चित्रपटामुळे माफी आली असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो की माफी आली तेव्हा ती कशाबद्दल आहे हे सांगणारी एक गोष्ट लोकांच्या समोर आधीपासून होती.

चित्रपटाकडून मी मागतो ते इतकंच, की त्याने साक्ष द्यावी. मन हेलावणं आपोआप होतं आणि आपोआप विरूनही जातं.

म्हणून ‘फ्ली’ (२०२१). योनास पोहेर रासमुसेन हा दिग्दर्शक शाळेत असताना त्याच्या गावात एक अफगाण मुलगा एकटाच आला. दोघांची मैत्री झाली. मुलाने सगळ्यांना सांगितलं होतं की घरचे सगळे मारले गेले. वीस-पंचवीस वर्षांनी, डोळे मिटून आडवं पडून, तो या मित्राला खरं सांगतो. आई आणि भावंडं जिवंत होती. तस्कराने बजावलं होतं की असं सांगितलं नाहीस तर परत पाठवतील. परत धाडलं जाण्याच्या भीतीने एका पोराने जिवंत आईला आपल्या तोंडाने मारून टाकलं आणि पुढची सगळी वर्षं ते खोटं सांभाळत जगला. तो कोण हे कळू नये म्हणून चित्रपट रेखाटनांचा केला, नाव अमीन ठेवलं. आणि त्या आडपडद्यामुळेच तो इतका उघडा बोलू शकला.

एक प्रसंग सांगायलाच हवा. मॉस्कोहून पळालेल्या माणसांची, पाणी शिरलेली एक बोट. आत कोंबलेली माणसं. समोर एक अवाढव्य क्रूझ जहाज येतं. बोटीतले लोक आनंदाने हात हलवतात, सुटलो म्हणून. वरच्या डेकवरचे पर्यटक फोटो काढतात. मग भोंग्यावरून सांगितलं जातं की एस्टोनियाच्या सीमा पोलिसांना कळवलं आहे. त्यांना पकडून परत मॉस्कोला आणलं जातं. त्या जहाजाकडे वर बघताना आपल्याला स्वतःची लाज वाटली, असं अमीन सांगतो. राग नाही, लाज. ‘अ हायजॅकिंग’मध्ये मी ज्या कोपऱ्यातल्या माणसांबद्दल विचारत होतो, त्यांच्या जागेवर बसून वर पाहिलं तर काय दिसतं ते इथं दिसतं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्याला विचारलंय, घर म्हणजे काय. त्याचं उत्तर साधारण असं, की जिथं थांबता येतं, जिथून पुढे हलावं लागणार नाही, अशी जागा. तात्पुरता परवाना ही गोष्ट त्या उत्तराच्या बरोबर उलटी आहे.

‘फ्ली’ला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली: माहितीपट, अ‍ॅनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट. या तिन्ही गटांत एकाच वेळी नाव येणारा तो पहिलाच चित्रपट. तो सोहळा मार्च २०२२ मध्ये झाला. त्याच महिन्यात डॅनिश संसदेने युक्रेनमधून येणाऱ्यांसाठी वेगळा, सोपा कायदा केला, आणि दागिन्यांचा तो नियम त्यांना लागणार नाही असंही जाहीर झालं. म्हणजे दार उघडता येत होतं. कुणासाठी उघडायचं हा प्रश्न होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो फालतू नाही. ‘फ्ली’सारख्या चित्रपटाला डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे सरकारचेच पैसे असतात. एका हाताने परवाने रद्द करायचे आणि दुसऱ्या हाताने रडवणाऱ्या चित्रपटाला अनुदान द्यायचं. हे पापक्षालन झालं, असं म्हणणारे म्हणतात. सुशिक्षित प्रेक्षक दोन तास डोळे टिपतो, हलका होऊन बाहेर पडतो आणि पुढच्या निवडणुकीत नेहमीच्याच पक्षाला मत देतो.

असं होत असेलही. तरी मला हे अनुदान हवं आहे. डॅनिश बोलणारे जेमतेम साठ लाख. एवढ्याशा भाषेत असला सिनेमा केवळ तिकीटबारीवर उभा राहत नाही. आणि जे सरकार स्वतःच्या धोरणाविरुद्धची साक्ष स्वतःच्या पैशाने नोंदवू देतं, त्याच्याबद्दल माझं मत त्या एका बाबतीत तरी चांगलंच राहील. (मराठी बोलणारे २०११च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर आहेत, चित्रपटांना अनुदान आपणही देतो. महाराष्ट्रात पोट भरायला आलेल्या परप्रांतीयाची, त्याच्या बाजूने सांगितलेली गोष्ट त्या अनुदानातून किती वेळा आली, हे ज्याने त्याने आठवून बघावं.) माझं भांडण अनुदानाशी नाही, कॅमेरा कुणाच्या खांद्यावर आहे याच्याशी आहे.

थॉमस विंटरबर्गने ते अगदी वेगळ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. २०२४ची त्याची ‘फॅमिलीज लाइक अवर्स’ ही सात भागांची मालिका डॅनिश माणसाचंच परतीचं तिकीट फाडून टाकते. पाणी चढतंय, देश वाचवणं परवडणारं नाही, सरकार डेन्मार्क बंद करायचं ठरवतं. साठ लाख माणसांनी निघायचं. लाटा, कोसळत्या इमारती असलं काही नाही. रांगा, अर्ज, शिक्के, कवडीमोल झालेली घरं. सरकारी वर्तुळात वावरणारा नातेवाईक बातमी आधीच घरात फोडतो, मग ज्यांना कळलं ते आधी आवरतात. ज्यांच्याकडे पैसा, ते पॅरिसला. जे सरकारी मदतीवर, ते सरकार सांगेल तिथं. लॉरा नावाच्या शाळकरी मुलीने पॅरिसला चाललेला बाप, बुखारेस्टला चाललेली आई आणि फिनलंडला चाललेला मित्र यांतून निवडायचं.

कल्पना जबरदस्त आहे आणि अर्ध्यावर ती मला पटलीही. डॅनिश पासपोर्ट हातात धरून कुणी तरी खिडकीपुढे उभं आहे आणि खिडकीच्या आतला माणूस मान वर करत नाही, हे दृश्य त्या प्रेक्षकाला जे शिकवेल ते दहा माहितीपट शिकवणार नाहीत. पण बुखारेस्टलाच जाणं ही दुर्दैवाची परिसीमा का? रोमानियात माणसं राहतात, त्यांची तिथं घरं आहेत. मालिकेला ते फारसं सुचत नाही. आपल्या माणसाला निर्वासित केलं की निर्वासित समजतो, हा हिशेब मला जरा स्वस्त वाटतो. लोक गोरे, शिकलेले, ओळखीच्या आडनावांचे असले की कळवळा येणारच. २०२२च्या मार्चने ते दाखवलंच होतं.

गंमत म्हणजे डॅनिश टीव्हीवर घराची ओढ सगळ्यात इरसालपणे दाखवली ती लार्स फॉन ट्रिअरने, १९९४च्या ‘द किंगडम’मध्ये, आणि तीही चेष्टेत. कोपनहेगनच्या मोठ्या इस्पितळात नोकरीला आलेला स्वीडिश डॉक्टर रोज रात्री गच्चीवर चढतो, दुर्बिणीतून खाडीपलीकडचं स्वीडन बघतो आणि डॅनिश लोकांच्या नावाने शिमगा करतो. घर नजरेच्या टप्प्यात असलेल्या माणसाला घराची आठवण येऊन शिव्या सुचतात. हे परवडतं, कारण तो वाटेल तेव्हा फेरीबोट पकडू शकतो.

ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यातलेच आता दिग्दर्शक झालेत आणि मला खरी आशा तिथं वाटते. माहदी फ्लाइफेल हा पॅलेस्टिनी कुटुंबातला, डेन्मार्कमध्ये वाढलेला. त्याने ‘अ वर्ल्ड नॉट अवर्स’ (२०१२) लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे छावणीत चित्रित केला, स्वतःच्या आजोबांच्या घरी. परत जायचं म्हटलं तर छावणीत परतायचं, आणि छावणी हे घरापासून दूर पडणंच.

आणि मालेने चोई. कोरियातून डेन्मार्कमध्ये दत्तक आलेल्या हजारो मुलांपैकी ती एक. अशाच डॅनिश दत्तकांच्या गटाने २०२२ मध्ये सोलमध्ये तक्रार केली, आणि मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मान्य केलं की मुलं परदेशी पाठवताना कागदपत्रं बदलली गेली, हक्क डावलले गेले. चोईच्या ‘द क्वाएट मायग्रेशन’मध्ये (२०२३) यातलं काही नाही. एक गोठा, गाई, दूध काढायची यंत्रं, अबोल आईबाप आणि एकोणीस वर्षांचा कार्ल. आईबापांना वाटतंय की शेती आता त्याने बघावी. जेवणावर जमलेल्या नातेवाइकांपैकी एक जण त्याच्या देखत परक्यांबद्दल बरंवाईट बोलतो आणि कुणी काही म्हणत नाही. कार्लपण नाही. तो इथला आहे, त्याला कुणी धाडणार नाही, आणि जायला म्हणून त्याच्या ओळखीचं दुसरं घर जगाच्या पाठीवर नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला आकाशातून एक दगड पडून छपराला भोक पाडतो. त्याबद्दलही त्या घरात फारसं कुणी बोलत नाही.